सूचनापेटीची किल्ली कुणाकडे?



रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं आमच्या गटाला पत्र आलं. ८ मार्चला त्यांच्या महिला कामगारांसाठी दोन तासांचं 'एम्प्लॉई एंगेजमेंट'चं सत्र आम्ही घ्यावं, विषय 'सकारात्मक विचार', शेवटी गुलाबाचं फूल आणि अल्पोपाहार. बैठकीत पत्र वाचून दाखवलं, तर ढोकसांगवीहून येणारी एक जण म्हणाली, "एंगेजमेंट? कुणाचा साखरपुडा आहे?" सगळ्या हसल्या. तिच्या शेजारची मात्र शांतपणे म्हणाली, "बरोबरच आहे की. साखरपुड्यात तरी मुलीला कुठं कोण विचारतं?"

कामगाराचं मन कामात असावं, त्याने सांगितल्यापेक्षा थोडं जास्त करावं, कारखाना आपला मानावा, यासाठी व्यवस्थापनं जे काही करतात त्याला हे नाव आहे. आपण, म्हणजे स्त्री-चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी, हा विषय आजवर 'त्यांचा' मानला. समान वेतन, पाळणाघर, लैंगिक छळ यांवर आपण बोललो आणि ते बोलायलाच हवं होतं. पण बाईचं कामातलं मन हा विषय आपण एच. आर. विभागाच्या हवाली करून टाकला. त्यांनी त्याची रांगोळी स्पर्धा केली.

खरं तर बायकांना कामाचा अभिमान असतो. लातूर, परभणी, यवतमाळहून येऊन कारेगावच्या चाळींत खोली करून राहणाऱ्या मुली बाजारात गेल्या, की दुकानातली वस्तू उलटी करून शिक्का बघतात आणि एकमेकींना सांगतात, "आपल्याकडची आहे." हा अभिमान कुणी शिकवलेला नाही. प्रश्न एवढाच, की कारखान्याच्या फाटकाच्या आत त्याचं काय होतं.

'एंगेजमेंट' हा शब्द या अर्थाने अभ्यासात आणला तो विल्यम कान या अमेरिकी संशोधकाने, १९९० साली. उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना कंपनीतली माणसं यांच्याकडे बघून त्याने विचारलं, की माणूस कामात स्वतःला केव्हा ओततो आणि केव्हा अंग काढून घेतो? त्याला तीन गोष्टी दिसल्या. कामाला काही अर्थ आहे असं वाटणं. आपण मनातलं बोललो, आहोत तसे वागलो, तर ते आपल्यावर उलटणार नाही ही खात्री. आणि ओतायला अंगात-मनात काही शिल्लक असणं. यात गुलाबाचं फूल कुठं नाही. (त्या मार्गदर्शकांना पहिल्या पाळीआधी हंडे भरून, डबे करून, लेकराला शेजारणीकडे सोडून बस गाठायची नव्हती, हेही लक्षात ठेवू.)

'शिल्लक' या गोष्टीवर फार लिहायची गरज नाही, ते तुम्ही जगता आहात. एकच सांगते. साखळीवर काम असतं तेव्हा जागेवरून उठायचं तर बदली माणूस, रिलीव्हर, लागतो. रिलीव्हर एक आणि बायका तीस. मग बायका पाणी पीत नाहीत. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ४४व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवायला सांगितली होती. किती कारखान्यांत ती स्टुलं तुम्ही पाहिली? लघवी दाबून उभ्या असलेल्या बाईला सकारात्मक विचार शिकवायला मी जाणार नाही.

मला जास्त बोलायचं आहे ते दुसऱ्या गोष्टीबद्दल, बोलण्याच्या खात्रीबद्दल. कारण तिथं नेतृत्वाचा खरा संबंध येतो.

अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून मी काही कारखान्यांत जाते. त्यातल्या एका ठिकाणी प्रवेशदाराशी सुबक सूचनापेटी आहे, तिला छोटं कुलूप. किल्ली वरच्या मजल्यावर एच. आर.कडे. पेटी तीन महिन्यांनी उघडायची, चांगल्या सूचनेला बक्षीस द्यायचं, अशी पद्धत. जुळणीच्या एका साखळीवर उंची पुरुषांच्या मापाची होती. तिथं एक बुटकीशी बाई आठ तास टाचा उचलून स्क्रू मारायची. तिने पेटीत चिठ्ठी टाकली, पायाखाली पाट द्या. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा टाकली. मग टाकणं सोडलं. मी विचारलं, "परत का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "दोनदा सांगून कळलं ना, की तिथं कुणी वाचत नाही. तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर मी वेडी."

पुढं त्या साखळीवर नवी लाइन लीडर आली. ती स्वतः कंत्राटी कामगार म्हणून सुरुवात केलेली, बारावी झालेली मुलगी. तिने व्यवस्थापनाचा कुठला वर्ग केला नव्हता. तिने पाळी सुरू होताना दहा मिनिटं उभं राहून विचारायला सुरुवात केली, काल काय अडलं? जे सांगतील ते पांढऱ्या फळ्यावर लिहायचं, समोर सांगणारीचं नाव, त्यासमोर कोण करणार त्याचं नाव आणि तारीख. जे होणार नाही त्यासमोर 'होणार नाही' आणि का ते. पाट चार दिवसांत आला. माल ठेवायच्या मोडक्या लाकडी फळ्यांतून तिथल्याच सुताराने ठोकून दिला, खर्च जवळपास शून्य. पंखा मात्र मिळाला नाही. 'बजेट पुढच्या वर्षी' असं फळ्यावर लिहिलं गेलं, आणि त्याबद्दल कुणी कुरकुरलं नाही, कारण कारण कळलं होतं.

आणि मग, साधारण महिन्याने, एक बाई फळ्याजवळ उभी राहून म्हणाली की एका पुरवठादाराचे स्क्रू मऊ आहेत, आटे झिजतात. हे बायकांना कित्येक आठवडे माहीत होतं. तपासणी विभागाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता सांगणाऱ्या बाईला 'शहाणी' म्हणतात.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून शंभर पानं लिहिली जातात त्यातलं काम या दहा मिनिटांत झालेलं मी पाहिलं. वरच्या साहेबांची भाषणं, कंपनीचं ध्येयवाक्य, वार्षिक स्नेहसंमेलन, यांचा बाईच्या दिवसाशी फारसा संबंध येत नाही. तिच्यासाठी कंपनी म्हणजे तिच्या डोक्यावरचा पहिला माणूस. तो एकेरीत ओरडतो की नाव घेऊन बोलतो, सुट्टी मागितली तर तोंड कसं करतो, दुसऱ्यांदा सांगितलं तर ऐकतो का. म्हणून कारखान्यांना माझं पहिलं सांगणं असतं, की सत्र बायकांचं नको, सुपरवायझरांचं घ्या.

आता या गोष्टीचा उरलेला भाग. सात महिने झाले आणि त्या साखळीवरच्या निम्म्याहून अधिक बायकांना 'ब्रेक' मिळाला. ज्यांना हा शब्द परिचयाचा नाही त्यांच्यासाठी सांगते, वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवेचा हक्क उभा राहतो. ते भरू नयेत म्हणून कंत्राटी माणसाला मधेच घरी बसवतात आणि मग पुन्हा नव्याने घेतात, किंवा घेत नाहीत. पाटवाली बाई परत आली नाही. पुढं कंत्राटदारच बदलला. फळा आहे, त्यावर आता उत्पादनाचे आकडे असतात. लाइन लीडरने काय वाईट केलं? काहीच नाही. तिच्या हातात होतं ते तिने केलं. पण सात महिन्यांच्या माणसाकडून कारखाना आपला मानायची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी हिशेब तरी सरळ करावा. मन कायमचं हवं आणि माणूस हंगामी, हे जमत नाही.

यात कायदा किती मदत करतो? थोडी करतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती सांगितली आहे. तिच्यात मालकाच्या आणि कामगारांच्या बाजूची माणसं सारखी, आणि स्त्रियांचं प्रमाण कामगारांमधल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी असता कामा नये. रात्रपाळीसाठी बाईची संमती हवी, असंही नव्या संहितांत आहे. याच संहितांनी संप अवघड केला आणि कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांपासून लागू केली, म्हणून त्यांचं कौतुक मी करणार नाही. पण समितीची तरतूद आहे तर ती वापरायला हवी. त्या समितीत बसणाऱ्या बाया कुणी निवडल्या, एवढं एक विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "साहेबांनी सांगितलं, तुमचं नाव टाकलंय." संमतीचंही तसंच. संमतीपत्राचा छापील कागद भरतीच्याच दिवशी इतर कागदांबरोबर सहीला पुढं येतो, तेव्हा ती संमती नसते.

लैंगिक छळाविरोधी २०१३च्या कायद्याने मात्र एक पक्कं करून ठेवलंय. त्यात कर्मचारी म्हणजे कायम, तात्पुरती, कंत्राटी, शिकाऊ, सगळ्या. ही व्याख्या आपल्याला फुकट मिळालेली नाही. १९९२ साली राजस्थानात भंवरीदेवीवर बलात्कार झाला तेव्हा ती सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली मानधनावरची साथिन होती आणि बालविवाह थांबवणं हे तिचं कामच होतं. त्यातून १३ ऑगस्ट १९९७चा विशाखा निकाल आला. तो कागदावरच राहतोय म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, त्याचा निकाल २०१२ला लागला, आणि मग कायदा. भंवरीदेवी कामात पुरती 'एंगेज' होती. तिच्या पाठीशी उभं राहायला नेतृत्व नव्हतं.

आता पत्राचं सांगते. गटात दोन मतं पडली. एक, की जाऊच नये, आपणही रांगोळी होऊ. दुसरं, की फाटकाच्या आत पाय ठेवायची संधी का सोडायची? मी दुसऱ्या बाजूची होते आणि आहे. आम्ही उत्तर पाठवलं, की येतो, पण तीन अटी आहेत. सत्र कामाच्या वेळेत, पगारी. खुर्च्यांवर कायम बायकांबरोबर कंत्राटी, कॅन्टीनच्या आणि झाडलोट करणाऱ्याही बसतील. आणि दुसरा तास आमच्या भाषणाचा नाही. त्या तासात बायका बोलतील, कारखान्याचे प्रमुख ऐकतील आणि पंधरा दिवसांत प्रत्येक मुद्द्याला लेखी हो किंवा नाही नोटीस फलकावर लागेल. पहिल्या दोन अटी त्यांनी मान्य केल्या. तिसरीवर चर्चा चालू आहे. तिसरी नसेल तर जायचं नाही असं ठरलं आहे, त्यासाठी हात वर करून मतं घेतली.

न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात गेलं, की कुरकुंभची वसाहत रसायनांची. तिथं मला भेटतात त्या बायका बहुतेक पॅकिंग, झाडलोट, कॅन्टीन या कामांतल्या. तिथं बोलण्याची खात्री हा जिवाचा प्रश्न होतो. वेगळा वास येतोय हे पहिल्यांदा कळतं ते फरशी पुसणाऱ्या बाईला. ती कुणाला सांगेल? कंत्राटदाराच्या माणसाला. तो म्हणेल, तुझं काम कर. कुरकुंभने आगी पाहिलेल्या आहेत. भोपाळच्या कारखान्यातही १९८४च्या आधी कामगारांनी धोक्याबद्दल सांगून पाहिलं होतं. राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह ४ मार्चपासून असतो, म्हणजे महिला दिन नेमका त्याच आठवड्यात येतो. दोन्ही कार्यक्रमांचे फलक एकाच भिंतीवर लागतात. ते एकत्र करून त्या फरशी पुसणाऱ्या बाईला माइक द्यावा असं अजून कुणाला सुचलेलं मी पाहिलं नाही.

कारखान्यांबद्दल एवढं बोलले, पण दोन्ही तालुक्यांत बायकांना राबवणारा एक मोठा मालक सरकार आहे. आशा २००५ पासून, अंगणवाडी तर १९७५ पासून. एकीला मोबदला, दुसरीला मानधन, पगार कुणालाच नाही. त्यांच्या कामातल्या मनाबद्दल शंका घ्यायची कुणाची हिंमत नाही. २०२२च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, आश्वासन घेऊन परतल्या, शासन निर्णय निघेना म्हणून २०२४च्या जानेवारीत पुन्हा संपावर गेल्या आणि आझाद मैदानावर जाऊन बसल्या. मधल्या काळात, ४ डिसेंबर २०२३ पासून, अंगणवाडी सेविका-मदतनीस पन्नास दिवसांवर संपावर होत्या. जीव ओतून काम करणारी बाई संपावरही जाते, यात काही विसंगत नाही. तिचं म्हणणं ऐकायचे बाकीचे सगळे रस्ते बंद केल्यावर तो एकच उरतो.

ऊस तोडणाऱ्या बाईबद्दल एकच वाक्य. तिथं नवरा-बायको मिळून 'एक कोयता', उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो, आणि ज्या हजेरीपटावर तिचं नावच नाही तिथं सहभागाची गोष्ट कोण कोणाशी करणार?

नेतृत्वाचा विचार करताना मला नेहमी दौंड तालुक्यातलंच केडगाव आठवतं. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभं केलं. पुढच्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. संख्या हजारांत गेली. या मुलींना त्यांनी नुसतं पोसलं नाही. विणकाम, शेती, दूध, तेलघाणा आणि छापखाना त्यांच्या हाती दिला. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशांतल्या काही जणी खिळे जुळवायला, छापायला, पुस्तकं बांधायला शिकल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथंच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. त्या काळात यंत्रावर बाई उभी करणं म्हणजे काय, याची कल्पना करा. कामाला अर्थ देणं याला म्हणतात. पण तिथं एकच प्रार्थना होती आणि एकच इच्छाशक्ती होती. शारदा सदनाच्या वेळी, १८९३ साली, धर्माच्या प्रश्नावर रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार समिती सोडली. त्यांना सोडून जायला घर होतं. केडगावच्या एखाद्या मुलीला रमाबाईंशी मतभेद असता, तर ती तो कुणाला सांगती? रमाबाईंबद्दल मला अपार आदर आहे, तरी हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

कारण तो आपल्यालाही लागू आहे. आपल्या संस्थांमधून कर्तबगार ताई असतात. वस्तीत फिरणारी कार्यकर्ती प्रकल्पाच्या मानधनावर असते, प्रकल्प संपला की तिलाही एक प्रकारचा ब्रेकच मिळतो. बचतगटाच्या पासबुकावर सही अध्यक्षबाईंची, हिशेब मात्र गटातल्या इतरांना तोंडी. निर्णय संध्याकाळी उशिरा, शहरातल्या घरी, जिथून शेवटची एस.टी. निघून गेलेली असते. याला वेगळी वाट काढणाऱ्या संघटनाही आहेत. पुण्यात १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बघा. उकिरड्यावर वेचणाऱ्या बायकांनी आधी ओळखपत्र मिळवलं, आपण कामगार आहोत हे महापालिकेकडून मान्य करून घेतलं, आणि २००८ला उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात कचरावेचक बायका बसू लागल्या. किल्ली त्यांच्याही हातात आली.

पुढच्या अंकासाठी एक काम सगळ्या गटांना. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तिथं, म्हणजे दौंडच्या गुऱ्हाळांत, रोपवाटिकांत, दुकानांत, दवाखान्यांत आणि घरकामात, अंतर्गत समिती नसते. तिथल्या बाईने तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. कायद्याप्रमाणे प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी असायला हवा, ज्याने ती तक्रार सात दिवसांत पुढं पाठवायची. शिरूरच्या गटाने शिरूरला, दौंडच्या गटाने दौंडला आणि बाकीच्यांनी आपापल्या तालुक्याला जाऊन या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन लेखी मागून आणावा. नाव मिळालं तर ते, नाही मिळालं तर कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर पाठवलं गेलं ते, तारखेसह आम्हाला कळवा. आम्ही जसंच्या तसं छापू.